पोंपोंचं पांढरं अस्वल, एकास दहा: ब्राँझ ओतकामाच्या नोंदी

८ जानेवारी २०२४

कामाची हद्द आधी ठरवून घेतली. फ्रांस्वा पोंपों (१८५५–१९३३) या फ्रेंच शिल्पकाराच्या ‘पांढरं अस्वल’ या शिल्पाचा अभ्यास म्हणून लहान ब्राँझ करायचं. पद्धत मेण गाळून ओतायची, म्हणजे साच्यातलं मेणाचं मॉडेल वितळवून काढायचं आणि उरलेल्या पोकळीत धातू ओतायचा, कारण त्याच्या हयातीत पॅरिसच्या एब्रार आणि वाल्सुआनी या फाउंड्रींनी (ओतशाळांनी) त्याची लहान ब्राँझं याच पद्धतीने ओतली. कुठल्याही तयार ब्राँझवरून साचा उचलायचा नाही. मॉडेल मातीत नव्याने करायचं.

मापाचा आधार पॅरिसच्या ऑर्से संग्रहालयातलं दगडी अस्वल. उंची १६३, लांबी २५१, खोली ९० सें.मी. एकास दहा धरलं की लांबी २५.१ आणि रुंदी ९ सें.मी. येते. मेण आणि धातू दोन्ही आकसतात, म्हणून मॉडेल तीन टक्के मोठं हवं. लांबी २५.९ सें.मी. पक्की केली.

हेच शिल्प निवडण्याचं कारण सरळ आहे. याच्या अंगावर लव नाही, सुरकुती नाही. ओतकामातली चूक लपवायला कुठे जागाच नाही.

११ जानेवारी

फोटोंचा अभ्यास. सगळ्या कोनांतले फोटो एका मापाला आणून त्यांवर बाह्यरेषा काढल्या. पहिल्या नजरेला अस्वल एका लाटेचं वाटतं. बाजूने ताडून पाहिलं की मानेपासून खांद्यापर्यंत एक लांबलचक चढ, खांद्यामागे किंचित खोलगट, मग पाठीचा उतार न वाटता ढुंगणाकडे जाणारा दुसरा फुगवटा. डोकं शरीराच्या मानाने लहान, पुढे काढलेलं. कान म्हणजे दोन छोटे उंचवटे. पायांच्या पोटऱ्या जाड, पंजे रुंद, नखांचा नुसता इशारा.

हे सोपेपण पोंपोंला सुरुवातीपासून हाती लागलं नव्हतं, हे लक्षात ठेवून काम करायचं आहे. तो सोल्यू या बर्गंडीतल्या गावचा, सुताराचा मुलगा. पंधराव्या वर्षी दिजोंला संगमरवर कोरणाऱ्याकडे उमेदवारी केली, १८७५ मध्ये पॅरिसला आला. पुढे कित्येक वर्षं तो दुसऱ्यांच्या मॉडेलवरून दगड कोरत होता. १८९० पासून शिल्पकार रोदॅंच्या कार्यशाळेत होता, मग रने द सॅं-मार्सों या दुसऱ्या शिल्पकाराकडे. सॅं-मार्सोंचं नॉर्मंडीतल्या क्वी-सॅं-फियाक्रला घर होतं. तिथे उन्हाळ्यात कोंबड्या, बदकं, गायी समोर बघत त्याने प्राण्यांचं काम धरलं. मोठं अस्वल लोकांसमोर आलं १९२२ च्या सालों दोतोन या पॅरिसच्या कलाप्रदर्शनात. तेव्हा तो ६७ वर्षांचा होता.

१६ जानेवारी

मातीकाम सुरू. शाडू अडीच किलो, आत ४ मि.मी. ॲल्युमिनियम तारेचा सांगाडा. पाय तारेवर, धड तारेवर गुंडाळलेल्या फोमवर. धड भरीव मातीचं केलं तर आतली माती ओली राहते, बाहेरची सुकते, आणि मानेवर भेग जाते.

पोंपों गळ्यात अडकवायचं एक छोटं टेबल घेऊन पॅरिसच्या झार्दॅं दे प्लांत या बागेतल्या प्राणिसंग्रहालयात प्राण्यासमोर उभा राहायचा आणि तिथेच मातीत काम करायचा. प्राणी आधी सगळ्या बारकाव्यांसह करायचा, आणि नंतर कार्यशाळेत एकेक बारकावा काढून टाकायचा. आम्ही तोच क्रम धरतो. आज अस्वलाला केसांचे झुपके, खांद्याच्या हाडाची कड, मांडीचे स्नायू, पाचही नखं, सगळं केलं आहे. थेट गुळगुळीत आकार केला तर साबणाची वडी होते, आतलं हाड हरवतं. हा फरक लहान मापातही दिसतो.

१९ जानेवारी

वगळायला सुरुवात. पहिल्यांदा केस गेले, मग स्नायूंच्या कडा. खांद्याचं हाड पूर्ण पुसलं तर पुढचा पाय धडाला चिकटवल्यासारखा दिसतो, म्हणून त्याचा फुगवटा अर्धा मिलिमीटर ठेवला. अर्धा मिलिमीटर उगाच सांगत नाही. एक मि.मी. ठेवला तेव्हा पाय निराळा दिसला, आणि पाव मि.मी. ठेवला तेव्हा नाहीसा झाला.

तपासायची रीत: खोलीत अंधार, एका बाजूला जमिनीला समांतर ट्यूबलाइट, आणि मातीवर पाण्याचा हलका फवारा. ओल्या पृष्ठभागावर ट्यूबची रेघ दिसते. मॉडेल फिरवलं की ती रेघ पाठीवरून सरकत गेली पाहिजे, कुठे तुटली किंवा वळवळली तर तिथे खड्डा किंवा उंचवटा आहे. आज मानेच्या डाव्या बाजूला ती दोनदा वळवळली.

२४ जानेवारी

मातीवरून टाकाऊ, म्हणजे एकदाच वापरून फोडायचा साचा, आणि त्यात प्लास्टर ओतलं. प्लास्टर १४०० ग्रॅम, पाणी ९१० मि.ली. साच्याचा पहिला थर निळा रंग घालून केला, म्हणजे फोडताना छिन्नी मूळ प्लास्टरजवळ आली की निळं दिसतं आणि हात थांबतो.

खरं काम प्लास्टरवर होतं. माती दाबली की सरकते, प्लास्टर खरवडलं की तेवढंच जातं. जुनं हॅक्सॉ ब्लेड वाकवून खरवडणी केली, त्यानंतर २२० आणि ४०० नंबरचा पेपर पाण्यासोबत. पेपर बोटाखाली धरला की बोटाच्या रुंदीचे खड्डे पडतात. म्हणून तो मऊ रबराच्या पट्टीवर गुंडाळायचा आणि पट्टी शरीराच्या लांबीच्या दिशेने फिरवायची. आडवी फिरवली की पाठीला पायऱ्या येतात.

३० जानेवारी

प्लास्टर सुकल्यावर त्यावर शेलॅकचे (लाखेच्या वार्निशचे) दोन पातळ हात. आता सिलिकॉन रबराचा लवचीक साचा. एब्रारसारख्या फाउंड्रीत त्या काळी यासाठी जिलेटिन वापरत. ते थोड्याच मेणांनंतर खराब व्हायचं आणि पुन्हा ओतावं लागायचं. सिलिकॉनमध्ये ती अडचण नाही.

शिवण कुठे ठेवायची, हा आजचा मुख्य निर्णय होता. प्राण्यांच्या साच्याची शिवण सहसा पाठीच्या कण्यावरून नेतात, कारण साचा दोन सारख्या भागांत उघडतो. या अस्वलावर ती चालणार नाही. पाठीवर एकही रेघ परवडत नाही. म्हणून सिलिकॉन हातमोजासारखं एकसंध, आणि चीर हनुवटीपासून पोटाखालून शेपटीपर्यंत, तिथून चारही पायांच्या आतल्या बाजूने. जाडी ८ मि.मी., लागलं ७५० ग्रॅम. बाहेरचं प्लास्टरचं कवच तीन भागांत. कवचाच्या जोडांची छाप सिलिकॉनमधून आत उमटते असा अनुभव असतो, म्हणून जोडांच्या जागी सिलिकॉन १२ मि.मी. जाड केलं.

५ फेब्रुवारी

मेण. मधमाशीचं मेण ६० भाग, पॅराफिन ३०, राळ १०, थोडा तपकिरी रंग. फक्त पॅराफिन ठिसूळ, फक्त मधमाशीचं मेण हाताच्या उबेने मऊ. राळेने त्याला कणखरपणा येतो. पहिला हात ब्रशने ८५ अंशांवर, पटकन. ब्रशचे बुडबुडे उरले तर तेच पुढे धातूचे दाणे होऊन येतात. पुढचे दोन हात ७० अंशांवर साच्यात मेण ओतून, फिरवून, उरलेलं बाहेर काढून. जाडी ५ मि.मी., पंजांतही पोकळ. पाय भरीव ठेवले तर तिथला धातू सगळ्यात शेवटी गोठतो, आकसताना शेजारून धातू ओढतो आणि पोटऱ्यांवर खळगे पडतात.

मेणाचं वजन ३४० ग्रॅम.

दुपारी मेण टेबलावर पायांवर उभं ठेवलं होतं. खोली ३३ अंश. दोन तासांत पोट ३ मि.मी. खाली आलं आणि पाठीचा उतार बदलला. हे मेण मोडून पुन्हा वितळवलं. दुसरं मेण बाहेर काढल्याबरोबर प्लास्टरच्या कवचाच्या खालच्या भागात पाठीवर टेकवून ठेवलं, आणि पुढचं सगळं काम सकाळी दहाच्या आत.

८ फेब्रुवारी

मेणाच्याच वाहिन्या लावल्या. धातू कुठून शिरणार आणि हवा कुठून निघणार, यावर सगळं अवलंबून आहे. अस्वल उभं ठेवलं, ढुंगण खाली, नाकाड वर. मुख्य वाहिनी १४ मि.मी. जाडीची, पोटाच्या बाजूने खाली उतरणारी. तिच्यातून फाटे: मागच्या दोन पायांच्या आत, पोटावर दोन, पुढच्या तळव्यांवर दोन. सगळे फाटे ९ मि.मी. पाठीला एकही नाही. धातू तळातून भरत वर चढेल आणि हवा नाकाडाकडे ढकलली जाईल. हवेच्या नळ्या नाकावर एक आणि कानांवर दोन, २ मि.मी. (ही जाडी चुकली. १ मार्चची नोंद पाहावी.)

आतला गाभा (मेणाच्या पोकळीत भरायचा साच्याचाच भराव) जागेवर राहावा म्हणून ३ मि.मी.चे दहा लोखंडी खिळे मेणातून आरपार. गाभ्यातून हवा निघायला पोटाच्या भोकातून एक पोकळ नळी.

वाहिन्या आणि ओतायच्या पेल्यासकट मेण ५९० ग्रॅम. ९०:१० ब्राँझ (तांबं ९०, कथील १०) मेणाच्या सव्वानऊ पट जड. हिशेबाला दहापट धरतो, म्हणजे ५.९ किलो. मुशीत ७ किलो घ्यायचे.

१२ फेब्रुवारी

बाहेरचा साचा. मेण स्पिरिटने पुसलं, नाहीतर पाणी धरत नाही. पहिला थर प्लास्टर आणि बारीक चाळलेली सुरखी (विटांची भुकटी) सारख्या मापाने, ब्रशने फुंकर मारत, ८ मि.मी. त्यानंतरचा भराव प्लास्टर एक भाग, सुरखी दोन भाग. गाभ्यातही हाच. भरावाभोवती चिकन मेश जाळी. ती नसेल तर भट्टीत साचा तडकतो आणि धातू भेगेत शिरून पुतळ्यावर पातळ पाकळ्या येतात. एकूण प्लास्टर १० किलो, सुरखी २० किलो, पाणी १३ लिटर. साचा २८ सें.मी. व्यासाचा, ४० उंच.

सुरखी चाळताना धुळीचा मास्क सक्तीचा. ती धूळ फुप्फुसात जाऊन बसते.

२६ ते २९ फेब्रुवारी

भट्टी, ७२ तास. साचा तोंड खाली. १५० अंशांपर्यंत हळू, मेण ट्रेमध्ये गळलं. २०० वर बारा तास. मग तासाला २५ अंशांनी ६२० पर्यंत आणि तिथे सोळा तास. ७०० च्या पुढे न्यायचं नाही. प्लास्टर कमजोर होतं आणि गंधकाचा वायू सोडू लागतं. साच्याच्या तोंडात काळं दिसत असेल तर आत मेणाचा कार्बन शिल्लक आहे. २९ ला सकाळी तोंड पांढरं फटक होतं.

गाभा मात्र सगळ्यात उशिरा सुकतो. त्यातून वाफ निघते का हे बघायला हवेच्या नळीवर थंड आरसा धरला. धुरकट झाला नाही, तेव्हाच भट्टी बंद केली.

१ मार्च

पहिलं ओतकाम फसलं.

तांबं ६.३ किलो, वर कोळशाची भुकटी. कथील ०.७ किलो शेवटी, कारण ते लवकर जळतं. त्यानंतर धातूतला ऑक्सिजन काढायला फॉस्फर-कॉपर १० ग्रॅम. के-टाइप थर्मोकपलने (तापमान मोजायच्या तारेने) ११२० अंश दाखवले. मळी दोनदा काढली, त्यात वेळ गेला, आणि ओतताना धातू १०६५ वर उतरला होता. साचाही रात्रभर बाहेर राहिल्याने ९० अंशांपर्यंत थंड झालेला.

साचा फोडल्यावर: नाकाड दोन सें.मी. भरलंच नाही. मानेवर गोल रेघ, जिथे दोन बाजूंनी आलेले धातूचे प्रवाह भेटले पण मिसळले नाहीत. कारणं तीन आणि तिन्ही एकत्र: धातू थंड, साचा थंड, नाकावरची हवेची नळी अरुंद. धातू सगळ्यात शेवटी नाकाडात पोचतो, आणि तिथेच अडकलेली हवा त्याला ढकलत होती.

मान आणि नाकाड वेल्डिंगने जोडता आलं असतं. इतर शिल्पांत करतातही. रेम्ब्रांट बुगात्ती या प्राण्यांच्या शिल्पकाराची ब्राँझंही एब्रारच्याच फाउंड्रीतली. त्यांवर बोटांच्या दाबाचे ठसे स्पष्ट असतात, तिथे जोड त्या खडबडीत अंगात मिसळून जातो. या अस्वलाच्या मानेवर ट्यूबलाइटची रेघ जाते. जोड दुरुस्त केला तरी ती रेघ तिथे अडखळेल. ब्राँझ तोडून पुन्हा मुशीत टाकायचं ठरवलं.

९ मार्च

दुसरं मेण, नवा साचा. मेण ३५० ग्रॅम. बदल: नाकावर ४ मि.मी.च्या दोन नळ्या, मुख्य वाहिनी १६ मि.मी., आणि पुढच्या तळव्यांचे फाटे तिरके, म्हणजे वर चढणारा धातू त्यांच्यातून उशिरा न येता मानेला वेळेत पोचेल.

२२ मार्च

साचा २०० अंशांवर, कोरड्या वाळूत पुरलेला. धातू ११५५ ला भट्टीबाहेर, मळी एकदाच, ओतताना ११३८. पेला सतत भरलेला ठेवला. धार तुटली की हवा आत ओढली जाते. नाकाच्या दोन्ही नळ्यांतून धातू वर आला. ११३८ वरून अजून तापवलं असतं तर धातू जास्त वायू गिळतो आणि गोठताना सोडतो. पातळ, गुळगुळीत कामाला ही मधली पट्टी फार अरुंद असते.

२४ मार्च

साचा फोडला, पाण्याच्या फवाऱ्याने धुतला. नाकाड पूर्ण, मान स्वच्छ, पाठीवर एक पाकळीही नाही. खोट फक्त एके ठिकाणी: मागच्या उजव्या मांडीवर, आतल्या फाट्याच्या अगदी पाठीमागे, एक-दीड मि.मी.ची अकरा छिद्रं. फाट्याजवळचा साचा सगळ्यात जास्त वेळ तापलेला राहतो, तिथल्या प्लास्टरमधून वायू सुटतो आणि धातूच्या कातडीत अडकतो.

वेल्डिंग नाही. बाजारातली वेल्डिंग सळई सिलिकॉन ब्राँझची, रंग चढवल्यावर ती जागा वेगळी दिसते. त्याऐवजी तोडलेल्या वाहिनीतून ठोकून बारीक तार ओढली. छिद्र २ मि.मी. ड्रिलने साफ केलं, तार ठोकून बसवली, वरून हातोडीच्या गोल तोंडाने दाबली. खिळ्यांची दहा भोकं ४ मि.मी. चुडीच्या स्क्रूंनी बंद केली. स्क्रूही त्याच वाहिनीतून कातलेले. धातू एकच, म्हणून रंगही एकच येईल.

२ एप्रिल

फाटे कापून कानस. सपाट कानस धडावर चालवायची नाही. एक फटकारा चुकला की चपटी पट्टी पडते आणि ती काढायला भोवतालचा सगळा भाग खाली न्यावा लागतो. अर्धगोल कानस फक्त पायांच्या आत. पाठीवर सुरुवातच १८० पेपरपासून, मग २४०, ३२०, ४००. ओतताना आलेली धातूची मूळ कातडी शक्यतो ठेवायची. तिच्यात मेणावरचा हात असतो. ट्यूबलाइट पुन्हा लावली. खांद्यामागच्या खोलगटात रेघ किंचित थबकते. तिथे प्लास्टरवरच राहून गेलं होतं. पेपरने आणखी बारा-पंधरा हात मारले आणि रेघ सलग झाली.

६०० च्या पुढे जायचं नाही. आरशासारख्या अंगावर रंग धरत नाही.

९ एप्रिल

रंग. पोंपोंच्या ब्राँझांचे रंग काळपट, गडद तपकिरी. त्यात प्रकाशाची रेघ उठून दिसते, म्हणून तोच घेतला. ब्राँझ गॅस टॉर्चने ९५ अंशांपर्यंत तापवलं. पाण्याचा थेंब चुर्र करून लगेच सुकला पाहिजे. गोळी होऊन घरंगळला तर फार तापलं. पोटॅशियम सल्फाइड एका लिटरला १० ग्रॅम, दोन पातळ हात. धुऊन, उंचवट्यांवर हलकं घासून, फेरिक नायट्रेट लिटरला २५ ग्रॅम, ब्रशने ठिपके देत पाच हात. पोटॅशियम सल्फाइडचं द्रावण आम्लाजवळ ठेवायचं नाही, विषारी वायू सुटतो. काम उघड्यावर.

मांडीवर बसवलेल्या तारा सगळ्या मिसळल्या. रंग जाड दिला तर पृष्ठभाग भुरभुरीत होतो आणि बोटाला लागतो. पाच हातांवर थांबलो. ब्राँझ कोमट असताना मेणाचा हात, मऊ ब्रशने घासणी.

११ एप्रिल

मापं: लांबी २५.२ सें.मी., वजन ३ किलो १०० ग्रॅम, गाभा काढून. भिंत सर्वांत पातळ ठिकाणी ४.२ मि.मी., डाव्या कुशीत. गाभा तिथे थोडा सरकला होता, पुढच्या वेळी त्या बाजूला दोन खिळे वाढवायचे.

हीच मापं जुनी ब्राँझं तपासताना उपयोगी पडतात. या २५.२ च्या ब्राँझवरून कोणी साचा घेऊन पुन्हा ओतलं तर ते साधारण २४.५ ला येईल, नखांच्या खुणा बोथट होतील, फाउंड्रीचा शिक्काही पुसट उमटेल. शिक्का आहे एवढ्यावर विश्वास ठेवू नये. शिक्क्याच्या अक्षरांच्या कडा भिंगाखाली तीक्ष्ण आहेत का आणि लांबी खात्रीच्या प्रतीशी जुळते का, ही दोन्ही उत्तरं एकत्र मिळाली पाहिजेत.

१९८१ च्या फ्रेंच हुकुमानुसार नक्कल म्हणून केलेल्या कामावर ‘रिप्रोडक्शन’ हा शब्द दिसेल आणि पुसला जाणार नाही असा असावा लागतो. आम्ही तो मागच्या उजव्या पंजाच्या आतल्या कडेवर, पुतळा न उलटता वाचता येईल असा, ३ मि.मी. उंचीच्या अक्षरांत छिन्नीने कोरला. पोंपोंची सही कुठेही केलेली नाही.